विद्येची भागीदारी कोणासाठी?

डॉक्टरचे शिक्षण पदवीबरोबर संपत नाही, हे तत्त्व आपल्याकडे नियमानेच मान्य केले आहे. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेने दर पाच वर्षांत किमान तीस तासांचे निरंतर शिक्षण घेण्यास सांगितले. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदही नोंदणीच्या नूतनीकरणासाठी त्याचे गुण मोजते. तत्त्वाविषयी वाद नाही. वाद आहे तो असा की, हे शिक्षण कोणाच्या पैशाने होते आणि शिकलेली विद्या अखेर कोणाच्या खाटेपर्यंत पोचते? नव्या मुंबईत खाजगी अभिमत विद्यापीठे व तारांकित रुग्णालये दाटीने उभी आहेत. अशा शहरात परदेशी सहकार्याचा गौरव होत असताना हे प्रश्न विचारणे आम्हांला अगत्याचे वाटते.

बरीच वर्षे या शिक्षणाच्या खर्चाचा मोठा वाटा औषधकंपन्यांनी उचलला, आणि तो धर्मार्थ नव्हता. २००९ साली डॉक्टरांना कंपन्यांकडून भेटी व प्रवासखर्च घेण्यास मनाई झाली. २०२४ च्या संहितेने कंपन्यांना अशी शिबिरे परदेशात भरवण्यास बंदी केली. पंधरा वर्षांनी पुन्हा तसाच निर्बंध घालावा लागतो, यावरून रोग किती मुरला आहे हे दिसते. परंतु केवळ बंदीने भागणार नाही. शासनाने आपली जागा मोकळी सोडली की तेथे व्यापार शिरतोच.

दुसरा मार्ग नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. खारघरचे कर्करोग संशोधन केंद्र ज्या टाटा मेमोरियल सेंटरचा भाग आहे, ती संस्था केंद्राच्या अणुऊर्जा विभागाखाली सार्वजनिक पैशावर चालते. तिच्या पुढाकाराने २०१२ साली उभ्या राहिलेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडने अमेरिकेतील न्यू मेक्सिको विद्यापीठाची 'एको' पद्धत स्वीकारली. डॉ. संजीव अरोरा यांनी ती २००३ साली सुरू केली, ती यकृताच्या रुग्णांना तज्ज्ञाच्या भेटीसाठी दूरचा प्रवास आणि दीर्घ प्रतीक्षा करावी लागू नये म्हणून. आडगावचा डॉक्टर पडद्यावर आपल्या रुग्णाची हकीकत मांडतो, तज्ज्ञ व सहकारी चर्चा करतात आणि उपचार तोच डॉक्टर करतो. रुग्ण जागचा हलत नाही, विद्या हलते. आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हणावे ते याला.

याच संस्थेच्या दुसऱ्या एका कामात यश आहे, तसा इशाराही आहे. १९९८ पासून मुंबईच्या झोपडवस्त्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांमध्ये अमेरिकी शासकीय निधीतून गर्भाशयमुखाच्या कर्करोगासंबंधी प्रयोग झाला. दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांना शिकवून त्यांच्याकरवी व्हिनेगरसारख्या साध्या द्रावाने तपासणी केली गेली. २०१३ साली जाहीर झालेल्या निष्कर्षानुसार मृत्यूंचे प्रमाण ३१ टक्क्यांनी घटले. मोठ्या पदवीवाचूनही सामान्य कार्यकर्ती प्राण वाचवू शकते, हे सिद्ध झाले. मात्र तुलनेसाठी निवडलेल्या निम्म्या स्त्रिया वर्षानुवर्षे तपासणीवाचून राहिल्या. देशात अशी तपासणी तेव्हा रूढ नव्हती, असे समर्थन झाले; तरीही त्याच्या नैतिकतेवर उठलेले प्रश्न विसरता येणार नाहीत. भागीदारीत गरिबाचे शरीर हे भांडवल होता कामा नये. त्याचा शब्दही करारात असला पाहिजे.

आपल्याला या बाबतीत परक्यांचा आदर्श शोधण्याचे कारण नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली काँग्रेसने पाठवलेल्या वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले. युद्धभूमीवर त्यांनी शस्त्रक्रिया केल्या, तसेच तेथील तरुणांना वैद्यक शिकवले आणि १९४२ साली तेथेच देह ठेवला. त्यांनी कोणाकडून प्रमाणपत्र मागितले नाही, की कोणते औषध खपवले नाही.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. परदेशी संस्थांशी होणारा प्रत्येक शैक्षणिक करार जनतेसमोर खुला असावा. अभ्यासक्रम येथील रोग पाहून येथेच ठरावा. शिक्षणाचा खर्च शासन, महापालिका व रुग्णालये यांनी उचलावा. कंत्राटी परिचारिका, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ आणि आशा कार्यकर्त्या यांना हे शिक्षण कामाच्या वेळेत, पगार वा मानधन न कापता आणि मराठीतून मिळावे. सार्वजनिक पैशाने परदेशी शिकून येणाऱ्याने ती विद्या जिल्हा रुग्णालयात शिकवावी.

हे शहर ९५ गावांच्या जमिनीवर उभे आहे. त्या जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी १९८४ साली उरण परिसरात शेतकऱ्यांनी गोळ्या झेलल्या. त्यांच्या लेकीसुना आज येथल्या रुग्णालयांत रात्रपाळी करतात. जगातले ज्ञान विमानाने आले आणि सभागृहातच थांबले, तर त्यांच्या वाट्याला काय आले? ते वॉर्डातल्या रात्रपाळीपर्यंत नेण्याचे काम आपल्या कामगार संघटनांनी व साथींनी हाती घेतले पाहिजे.