अमावस्या, हॅलोविन आणि आमची भिताडं

दरवर्षी ऑक्टोबर संपत आला की फोनवर तो संदेश येतोच. "हॅलोविन ही आपली संस्कृती नाही. मुलांना भुताखेतांचे मुखवटे घालून काय शिकवताय?" वगैरे वगैरे. पाठवणारे गृहस्थ माझ्या चांगल्या ओळखीचे. पुण्यात आमच्याच सोसायटीत राहतात. मध्ये अमावस्या आली म्हणून याच गृहस्थांनी नवी गाडी घरी आणायचं दोन दिवस पुढं ढकललं होतं. म्हणजे भुताला भिणं आपल्या संस्कृतीत बसतं, भुताला हसणं तेवढं बसत नाही!

आता तुम्ही म्हणाल, एवढं चिडायला काय झालं? सांगतो.

मी मूळचा किल्लारीचा. आणि लहानपणापासून माझा सगळ्यात लाडका सण कुठला असेल तर अमावस्या. चुकून लिहिलेलं नाही. लातूर आणि धाराशिवकडच्या वाचकांच्या लगेच लक्षात आलं असेल. मार्गशीर्षातली वेळा अमावस्या, आमच्या बोलीत येळवस. आमच्या जिल्ह्यात या दिवशी स्थानिक सुट्टी असते. गावं ओस पडतात, कारण सगळं गाव शेतात असतं. उभ्या ज्वारीत कडब्याची कोपी, कोपीत चुना लावलेले पाच दगड म्हणजे पांडव. भज्जी, उंडे, तिळाची पोळी आणि मडक्यातली गार आंबील. ज्यानं ती भज्जी-आंबील खाल्ली नाही त्याला शब्दांत सांगण्यात अर्थ नाही.

पण मला खरी ओढ असायची ती दिवस मावळल्यावरची. कडब्याचा हेंडगा पेटवायचा आणि तो घेऊन पिकाभोवती पळत सुटायचं. वर चंद्र नाही, अंधार असा की शेजारचा दिसत नाही, आणि लांबवर दुसऱ्यांच्या शेतांतून तसेच जाळ पळताना दिसायचे. त्याआधी कोपीत बसून थोरल्या पोरांनी विहिरीजवळच्या पिंपळावरच्या मुंज्याच्या गोष्टी सांगून आम्हाला पुरतं गार केलेलं असायचं. मग त्याच पिंपळाखालून हेंडगा घेऊन ओरडत जायचं. छाती धडधडायची आणि हसूही आवरायचं नाही. अंधाराची भीती माझ्या मनातून तिथंच गेली.

हॅलोविनबद्दल पुढं वाचलं तेव्हा मला ते परकं वाटलंच नाही. आयर्लंडकडची जुनी सुगी संपतानाची रात्र. थंडी-अंधार सुरू होण्याच्या उंबरठ्यावर मेलेली माणसं परत येतात अशी समजूत. म्हणून जाळ पेटवायचे, सोंगं घ्यायची. तिथं आधी सलगम कोरून त्यात दिवा ठेवत, अमेरिकेत गेलेल्या लोकांना भोपळा सापडला. शेतकऱ्यांचाच सण की हा! त्याचा तिकडं बाजार झालाय, प्लॅस्टिकचे सांगाडे विकले जातात, हे मान्य. मी कुणाला हॅलोविन करा म्हणत नाही. पण बाजार कुठल्या सणाचा झाला नाही? आणि मुद्दा बाजाराचा नाहीच. मुद्दा आहे, कशाला भ्यायचं याचा.

३० सप्टेंबर १९९३. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. मी नऊ वर्षांचा होतो. आदल्या संध्याकाळी गणपती बोळवून आलो होतो, अंगावरचा गुलालही धुतला नव्हता. त्या पहाटे माझी धाकटी बहीण आणि दोन चुलते गेले. दोन्ही जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार माणसं गेली.

आता पंचांग काढून बघा. ती अमावस्या नव्हती. पौर्णिमा एका दिवसावर होती. पितृपक्ष अजून लागायचा होता. दिवस होता अनंत चतुर्दशीचा, दहा दिवस गणपतीची सेवा झालेली. याहून शुभ काय असतं?

भूकंपाची तीव्रता होती ६.२च्या आसपास. चार वर्षांपूर्वी, १७ ऑक्टोबर १९८९ला, हॅलोविन दोन आठवड्यांवर असताना कॅलिफोर्नियात ६.९चा झाला होता. ऊर्जेच्या हिशेबात आमच्यापेक्षा दहापट मोठा. तिथं गेली ६३ माणसं. मान्य, तिथं संध्याकाळचे पाच वाजले होते, लोक जागे होते, आणि आमचा धक्का गावांच्या अगदी खालीच बसला होता. तरी ६३ आणि दहा हजार यांतला फरक तेवढ्यानं भरून निघत नाही. आमची घरं म्हणजे दोन-अडीच फूट जाड दगडाच्या भिंती, त्या चिखलात रचलेल्या. आतला आणि बाहेरचा थर एकमेकांना बांधणारा आडवा दगड नाही. वर माळवद, त्यावर फूट-दीड फूट माती. झोपलेल्या माणसांवर ते सगळं खाली आलं. १९९२ साली महिनोन्महिने धक्के बसत होते, लोक घाबरलेही होते. पण घर बांधायच्या रीतीकडं कुणी बोट दाखवलं नाही. सरकारी नकाशात तर आमचा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता.

त्यानंतरची येळवस १९९४च्या जानेवारीत आली. आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतो. शेजारपाजारचे म्हणाले, यंदा सणबिण नको, त्यात अमावस्या, वाईट दिवस. माझी आजी मडकं डोक्यावर घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आमुशानं न्हाई मारलं आपल्याला. भिताडानं मारलं." आणि चालायला लागली. आम्ही मागोमाग. त्या वर्षी हेंडगा मीच फिरवला. ओरडायला मात्र आवाज फुटला नाही.

आजी शाळेत गेली नव्हती. तिला जे कळलं ते आम्हाला अजून कळलेलं नाही. पुनर्वसनात मिळालेलं घर आता पुरत नाही म्हणून माझ्या चुलतभावानं शेजारी दोन खोल्या काढल्या. अमावस्या टाळून मुहूर्त काढला. वास्तूवाल्याला पैसे देऊन दार हलवलं. आणि कोपऱ्यातल्या उभ्या सळया आणि दारा-खिडक्यांवरून चारी भिंतींना फिरणारा काँक्रीटचा पट्टा, हे दोन्ही 'खर्च वाढतो' म्हणून गाळलं! याचा बाप भिंतीखाली गेला हो. आणि हा एकटा नाही. आमच्याकडं नव्या बांधकामांवर एक चक्कर मारा. काळी बाहुली हमखास दिसेल. पट्टा दिसला तर मला कळवा. २००२पासून आमचा भाग तिसऱ्या झोनमध्ये धरलाय, पण तो झोन दारावर टांगता येत नाही ना!

माझं भांडण या चुकीच्या जागी ठेवलेल्या भीतीशी आहे. भीती ही कामाची गोष्ट आहे, पण ती माणसाजवळ मोजकी असते. ती चंद्राच्या कलेवर खर्च केली की भिंतीसाठी उरत नाही. म्हणून भुताचा मुखवटा घालून खिदळणारं पोर मला संस्कृती बुडवणारं वाटत नाही. भूत हसण्यावारी नेता येतं एवढं तरी ते शिकतंय. भ्यायला खऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत, त्यांची यादी त्याला मोठ्यांनी द्यायची असते.

त्या गृहस्थांना मी येळवसेला गावी यायचं आमंत्रण दिलंय. अमावस्येचा प्रवास नको म्हणाले. असो.

चुलतभाऊ मात्र कोपीत शेजारीच बसणार आहे. भावाभावांत अबोला नको म्हणून गेल्या खेपेला मी विषय काढला नव्हता. यंदा आंबील वाढून झाली की काढणार आहे. सळयांचे पैसे निम्मे मी देतो म्हणून सांगणार आहे.