मंडपेश्वरचा क्रूस दिसतो, मग लेण्याद्री का दिसत नाही?

फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात सेंट-उझेक इथे एक प्रचंड उभा दगड आहे. ख्रिस्तजन्माच्या हजारो वर्षं आधीचा. १६७४ मध्ये त्याच्या माथ्यावर क्रूस आला आणि अंगावर ख्रिस्ताच्या छळाची चिन्हं कोरली गेली. दगड तोच, मालक नवा! ही युक्ती जुनीच. इ.स. ६०१ मध्ये पोप ग्रेगरीने इंग्लंडमधल्या प्रचारकांना कळवलं होतं: देवळं पाडू नका, मूर्ती काढा आणि तिथेच आपली उपासना सुरू करा.

आपल्याकडे बोरिवलीचं मंडपेश्वर बघा. सहाव्या शतकातल्या शैव लेणीत सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी चर्च थाटलं. भिंतीवर कोरलेला क्रूस आजही दिसतो. त्याला आक्रमण म्हणतात. म्हणायलाच हवं.

मग कार्ल्यावर गप्प का? तिथला सिंहस्तंभ महारठी अग्निमित्रणकाचं दान आहे, असं स्तंभावरचा ब्राह्मी लेखच सांगतो. त्याच चैत्याच्या दारात आज एकवीरेचं देऊळ आहे. लेण्याद्रीच्या बौद्ध विहारात गिरिजात्मज गणपती बसला. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांची 'पांडवलेणी' झाली. पोर्तुगीजांनी केलं ते आक्रमण आणि इथे झालं ती 'श्रद्धा'? हा कुठला न्याय?

एकवीरेला जाणारे कोळी-आगरी बांधव आपले शत्रू नाहीत. ते चैत्यासमोरूनच जातात. चैत्य कोणाचा हे त्यांना कुणी सांगितलं नाही. आपलं भांडण या लपवाछपवीशी आहे.

"जुनं उकरून काय मिळणार?" असं विचारणाऱ्यांना १९५८ चा प्राचीन स्मारक कायदा दाखवा. कलम १६ म्हणतं, केंद्र सरकारच्या ताब्यातल्या संरक्षित पूजास्थानाचा त्याच्या स्वरूपाशी विसंगत वापर करता येणार नाही. चैत्याचं स्वरूप काय, हे तर दगडावरच लिहिलंय!

बीबी-लोणारच्या तरुणांनो, कार्ला लांब आहे, पण भोन आपल्याच बुलढाणा जिल्ह्यात आहे. डेक्कन कॉलेजच्या उत्खननात तिथे विटांच्या स्तूपाचे अवशेष सापडले आणि ती जागा जिगाव धरणाच्या बुडीत क्षेत्रात आली. कुठे वारसा नाव बदलून जातो, कुठे पाण्याखाली.

आपल्याला काही पाडायचं नाही. मागणी साधी आहे: प्रत्येक लेणीवर तिचा खरा इतिहास मराठीत, ठळक फलकावर लावा. आणि आपलं काम त्याहून मोठं: जयंतीच्या वर्गणीतला थोडा पैसा धम्मलिपीच्या वर्गासाठी काढा. ज्याला शिलालेख वाचता येतो, त्याला कुणी 'पांडवांनी एका रात्रीत कोरलं' असं सांगून फसवू शकत नाही.

जय भीम!