हौसेच्या 'चॉपर'ला कायद्याचा अडसर

जुन्या बुलेटची फ्रेम कापून, पुढचा फोर्क लांबवून घरच्या घरी 'चॉपर' घडविण्याची हौस अनेकांना असली, तरी अशी गाडी रस्त्यावर उतरविणे कायद्याला मंजूर नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले. त्याच वर्षीच्या कायदादुरुस्तीने प्रत्येक बेकायदा बदलामागे ५,००० रुपये दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद झाली.

यामागील सुरक्षेची चिंता अनाठायी नाही. फोर्कचा कल वाढला, की कमी वेगात गाडी वळविणे जड जाते. फ्रेमचा कच्चा जोड तर जीवावर बेतू शकतो. मात्र, ब्रिटनमध्ये घरी बांधलेल्या एकट्या दुचाकीचीही सरकारी तपासणी होऊन तिची नोंदणी होऊ शकते. आपल्याकडे पुण्यातील 'एआरएआय'सारख्या संस्थांत होणारी नमुना चाचणी उत्पादकांना नजरेसमोर ठेवून आखलेली आहे, हौशी कारागिराला नव्हे. परिणामी, काळजीपूर्वक बांधलेली आणि धोकादायक अशा दोन्ही गाड्या कायद्याच्या लेखी सारख्याच ठरतात. तपासणीची वाट खुली न करता केवळ दंड आकारल्यास ही हौस थांबणार नाही; ती आडवाटेने जाईल.