पाताळनगरीची घडण आणि जन्मजात दुष्टतेचा प्रश्न

मराठी कादंबरीचा इतिहास लिहिताना 'मुक्तामाला' (१८६१) व 'मंजुघोषा' (१८६८) यांसारख्या अद्भुतरम्य कृतींची नोंद बहुधा एका बाल्यावस्थेची नोंद म्हणून केली जाते. अद्भुताकडून वास्तवाकडे झालेला प्रवास म्हणजेच कादंबरीची प्रौढता, हे गृहीत या मांडणीच्या मुळाशी असते. परिणामी अद्भुत हे स्वैर असते, त्याला नियमांचे बंधन नसते, असा समज दृढ झाला आणि कल्पित विश्वाची घडण ही स्वतंत्र वाङ्मयीन समस्या आहे याकडे समीक्षेचे पुरेसे लक्ष गेले नाही. वास्तविक कल्पित विश्वाला नियमांची गरज अधिक असते. वास्तववादी कादंबरीतील गाव वाचकाच्या अनुभवाच्या आधारावर उभे राहते. कल्पित नगराला मात्र आपला आधार स्वतःच निर्माण करावा लागतो. टोल्किन यांनी १९३९ च्या आपल्या परीकथाविषयक व्याख्यानात हाच मुद्दा मांडला होता. दुय्यम विश्वाची अंतर्गत सुसंगती ढळली की वाचकाचा विश्वास ढळतो आणि कलाकृती कोसळते, हे त्यांच्या विवेचनाचे सार आहे.

या दृष्टीने विचारात घेण्याजोगी एक संहिता साहित्याच्या रूढ परिघाबाहेर तयार झाली आहे. अमेरिकेत १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा भूमिका-खेळ प्रसिद्ध केला. या खेळात एक सूत्रधार असतो, बाकीचे खेळाडू एकेका पात्राची भूमिका घेतात आणि संभाषणातून कथा पुढे सरकते. अशा खेळासाठी लिहिलेल्या पुस्तकांत कथानक नसते. असते ते स्थळ, त्या स्थळाचे कायदे, तेथील माणसे आणि त्यांची वैरे. ज्या मजकुराला निश्चित शेवट नाही त्याला साहित्य कसे म्हणावे, असा आक्षेप यावर घेतला जाईल. परंतु कोकणातील दशावताराची अशीच स्थिती आहे. तेथे आख्यान ठरलेले असते, संवाद मात्र नट रंगमंचावर उत्स्फूर्तपणे रचतात. लिखित संहितेच्या अभावी दशावतार अभ्यासाबाहेर ठेवला जात नाही. तोच न्याय येथेही लागू व्हावयास हवा.

प्रस्तुत चर्चेसाठी मेंझोबेरान्झन या नगरीचे उदाहरण घेता येईल. ही 'ड्राउ' म्हणजे काळ्या एल्फांची भूगर्भातील नगरी. या कल्पनेचे मूळ जुने आहे. तेराव्या शतकात आइसलंडच्या स्नोरी स्टुर्लुसन याने गद्य 'एड्डा'मध्ये प्रकाशाचे एल्फ आणि जमिनीखाली राहणारे काळे एल्फ असा भेद नोंदविला होता. 'ड्राउ' हा शब्द स्कॉटलंडच्या उत्तरेकडील बेटांच्या लोकपरंपरेशी नाते सांगतो. खेळाच्या १९७७ च्या प्राणिसूचीत या जमातीचा त्रोटक उल्लेख आला; १९७८ मध्ये गायगॅक्स यांनी तिची पहिली भूगर्भनगरी उभी केली. पुढे आर. ए. साल्व्हातोरे यांच्या 'होमलँड' (१९९०) या कादंबरीत मेंझोबेरान्झन तपशिलाने अवतरली, आणि १९९२ मध्ये एड ग्रीनवुड, साल्व्हातोरे व डग्लस नाइल्स यांनी खेळासाठी तिचा स्वतंत्र ग्रंथसंच सिद्ध केला. नगर, घराणी आणि साहस अशी त्याची तीन पुस्तके आहेत.

या नगरीची घडण बारकाईने पाहण्यासारखी आहे. सूर्य नसलेल्या ठिकाणी काळ कसा मोजावा? नगरीत नार्बोन्डेल नावाचा एक प्रचंड दगडी स्तंभ आहे. नगरीचा मुख्य मांत्रिक रोज त्याच्या तळाशी उष्णता पेरतो, ती हळूहळू वर चढते, आणि उष्णता दृष्टीने टिपणारे रहिवासी त्यावरून प्रहर ओळखतात. हा तपशील केवळ चमत्कृतीसाठी आलेला नाही. प्रकाशाचा अभाव, दृष्टीचा प्रकार, कालगणना आणि मांत्रिकाचे राजकीय स्थान या चार गोष्टी त्यात एकमेकींना बांधल्या गेल्या आहेत. चांगल्या विश्वरचनेची कसोटी हीच मानावी लागेल. तपशील किती आहेत याला महत्त्व नाही. एका तपशिलातून दुसरा निघतो की नाही, याला आहे.

हीच गोष्ट नगरीच्या कायद्याची. लोल्थ या कोळी-देवतेच्या उपासक स्त्रिया घराण्यांच्या प्रमुख असून पहिल्या आठ घराण्यांच्या प्रमुख स्त्रिया मिळून नगरीचा कारभार पाहतात. एका घराण्याने दुसऱ्याचा उच्छेद करून वर चढावे, याला समाजाची मूक संमती आहे. अट एकच : बळी पडलेल्या घराण्यातील आरोप करू शकेल असा एकही कुलीन वंशज उरता कामा नये. तो उरला आणि त्याने आरोप केला, तर आक्रमक घराण्याचाच नाश होतो. तात्पर्य, येथे खून हा गुन्हा नाही. अपुरा खून हा गुन्हा आहे. या एका नियमातून कारस्थाने, हेर, लपलेले वारस आणि अकारण भीती यांची अखंड मालिका निर्माण होते. लेखकांनी कथा लिहिलेली नाही. कथा जन्माला घालणारी व्यवस्था लिहिली आहे.

नगरीचा दुबळा भाग अर्थव्यवस्थेचा आहे. सुमारे वीस हजार ड्राउंचे पोट भरण्यासाठी बुरशीची वने, तळ्यातील बेटावरचे पशुधन आणि गुलामांचे श्रम यांचा उल्लेख येतो. परंतु गुलामांची संख्या मोठी असूनही त्यांचे अंतरंग, त्यांची भाषा, त्यांचा रोष यांना सरदार घराण्यांच्या वाट्याला आलेली जागा मिळत नाही. ज्यांच्या श्रमावर नगरी उभी आहे त्यांच्याकडे लेखकांनीही धन्यांच्याच नजरेने पाहिले आहे. स्त्रीसत्तेचे चित्रणही पुरुषसत्तेची उलटी प्रतिमा एवढ्यावरच बहुतांशी थांबते.

तथापि खरा प्रश्न याहून खोल आहे. खेळाच्या जुन्या नियमपुस्तकांत एखाद्या जमातीच्या नावापुढे तिची नैतिक प्रवृत्ती नोंदविलेली असे. ड्राउंपुढे 'दुष्ट' अशी नोंद होती. म्हणजे त्वचा काळी, वसती जमिनीखाली आणि दुष्टता जन्मजात. ज्या भाषेच्या साहित्यात जन्मावरून माणसाची पायरी ठरविणाऱ्या व्यवस्थेविरुद्ध दलित साहित्याने इतका मोठा झगडा दिला, त्या भाषेच्या अभ्यासकाला ही नोंद निरुपद्रवी वाटणे शक्य नाही. खेळाला शत्रू लागतोच, हे समर्थन अपुरे आहे. खेळाला प्रतिपक्ष लागतो, हे मान्य. परंतु प्रतिपक्ष आणि जन्मसिद्ध पापी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, खुद्द नगरीची संहिताच या नोंदीला छेद देते. 'होमलँड'मध्ये तिसऱ्या जिवंत मुलाचा देवतेला बळी देण्याची प्रथा आहे. ड्रिझ्ट हा नायक असाच तिसरा मुलगा. त्याच रात्री एक भाऊ दुसऱ्या भावाला ठार करतो, त्यामुळे तो दुसरा ठरतो आणि वाचतो. पुढे त्याला योद्ध्यांच्या विद्यालयात पाठवले जाते. तेथे पृष्ठभागावरील एल्फांविषयी खोटा इतिहास शिकवला जातो, द्वेष घोटून घेतला जातो. मांत्रिकांसाठी आणि पुजारिणींसाठीही अशीच स्वतंत्र विद्यालये आहेत. दुष्टता जर रक्तातच असेल, तर ती शिकवण्यासाठी तीन विद्यालयांची गरज का भासावी? ड्रिझ्टचा पिता झॅकनाफेन आपली घृणा आयुष्यभर लपवून ठेवतो. याचा अर्थ लपवण्यासारखी सदसद्विवेकबुद्धी त्या समाजात शिल्लक आहे. सूची म्हणते की दुष्टता स्वभावात आहे. नगरी दाखवते की ती संस्थेत आहे. या विसंगतीतच मेंझोबेरान्झनचे वाङ्मयीन मोल सामावले आहे.

ड्रिझ्टच्या सज्जनतेमुळे मूळ दोष नाहीसा होतो, असे मात्र म्हणता येत नाही. एकटा सज्जन आपली नगरी सोडून जातो तेव्हा तो अपवाद ठरतो, आणि अपवादाच्या गौरवातून नियमच बळकट होतो.

भारतीय परंपरेतील पाताळाची कल्पना या संदर्भात उद्बोधक ठरते. विष्णुपुराणात पाताळलोक पाहून आलेला नारद ते स्वर्गाहूनही रमणीय असल्याचे सांगतो. तेथील नागांच्या मण्यांच्या प्रभेचे वर्णन येते. महाराष्ट्रात तर पाताळात दडपला गेलेला बळी हा लोकमानसाचा न्यायी राजा आहे; शेतकऱ्याला आजही बळीराजा म्हटले जाते. जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी'त (१८७३) याच बळीच्या बाजूने पुराणकथा उलटी वाचून दाखविली. जमिनीखाली कोण आहे, या प्रश्नाआधी त्याला तेथे कोणी ढकलले, हा प्रश्न विचारावयाचा असतो, हा त्या वाचनाचा धडा आहे.

खेळाच्या प्रकाशकांनाही हा प्रश्न टाळता आला नाही. २०२० च्या जूनमध्ये त्यांनी ड्राउ आणि ऑर्क यांचे चित्रण इतर जमातींइतकेच नैतिक व सांस्कृतिक गुंतागुंतीने करण्याची भूमिका जाहीर केली. २०२१ मध्ये साल्व्हातोरे यांनी लोल्थच्या सत्तेबाहेरील ड्राउ समाजाचे चित्रण केले. २०२४ च्या नव्या नियमपुस्तकात 'वंश' ही संज्ञाही बदलण्यात आली. हे बदल स्वागतार्ह आहेत. मात्र दूर कोठेतरी सज्जन ड्राउंची दुसरी नगरी वसवल्याने पहिल्या नगरीचा प्रश्न सुटत नाही. तो त्या नगरीतच सुटावयास हवा : तेथील गुलामाला बोलते करून, विद्यालयात खोटा इतिहास शिकवणाऱ्या गुरूला एखाद्या रात्री झोप न येऊ देऊन. अंधारात राहणाऱ्यांना पर्याय देणे म्हणजे त्यांना उजेडात नेणे नव्हे. त्यांच्या अंधारातही निवड शक्य असते, एवढे विश्वकर्त्याने मान्य केले तरी ती नगरी खऱ्या अर्थाने वसली असे म्हणता येईल.