Explainer: 'पेट्रिकोर' म्हणजे काय? दुर्मीळ इंग्रजी शब्दांपुढे परभणी आणि पुणे सारखेच!

मे २०१७ मध्ये खासदार शशी थरूर यांनी एका ट्विटमध्ये 'फरागो' हा शब्द वापरला आणि अर्थ शोधायला अनेकांनी मोबाइल हातात घेतला. ऑक्टोबर २०१८ मध्ये स्वतःच्या नव्या पुस्तकाची माहिती देताना त्यांनी थेट २९ अक्षरांचा 'फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन' टाकला. त्यावर भरपूर मीम्स आले. पण या गमतीतून परभणी, जिंतूर, गंगाखेडच्या मुलांना खरंच काही मिळू शकतं.

भीती नेमकी कशाची?

राज्यात २००० पासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवलं जातं. तरीही मराठी माध्यमातल्या अनेकांची चारचौघांत इंग्रजी बोलताना जीभ अडखळते. कारण ही भाषा त्यांना कायम परीक्षेतच भेटते. चुकलं की मार्क जातात आणि वर्ग हसतो.

दुर्मीळ शब्दाचं तसं नाही. तो पेपरात येत नाही आणि पुण्यातल्या कॉन्व्हेंटमधल्या मुलालाही तो माहीत नसतो. इथे सगळे शून्यापासून सुरुवात करतात. म्हणून 'आधी सोपं, मग अवघड' हा नियम थोडा बाजूला ठेवायला हरकत नाही.

शब्द फोडला की काय दिसतं?

'फरागो' म्हणजे कशाचाही कशाला मेळ नसलेली खिचडी. लॅटिनमध्ये या शब्दाचा मूळ अर्थ गुरांचा मिश्र चारा. ज्याच्या गोठ्यात कडबा आणि हिरवा चारा एकत्र कापला जातो, तो हा शब्द विसरणार नाही.

२९ अक्षरांच्या शब्दातही भीतीदायक काही नाही. लोकरीचा पुंजका, केस, 'काहीच नाही' अशा क्षुल्लक अर्थाचे चार लॅटिन शब्द एकापुढे एक जोडले आहेत. अर्थ एवढाच, एखादी गोष्ट कवडीमोल ठरवणं.

आता 'पेट्रिकोर'. कोरड्या जमिनीवर पहिला पाऊस पडल्यावर येणारा वास. इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये हा शब्द तयार केला. 'पेट्रा' म्हणजे दगड आणि 'इकोर' म्हणजे ग्रीक पुराणकथांतल्या देवांच्या अंगात वाहणारा द्रव. मराठीत यासाठी 'मृद्गंध' आहेच. या वासात मातीतल्या सूक्ष्मजीवांनी तयार केलेल्या 'जिओस्मिन' या रसायनाचा मोठा वाटा असतो. कृषी विद्यापीठ असलेल्या परभणीत हा शब्द परका वाटायचं कारण नाही.

पण याचा उपयोग काय?

नोकरीच्या मुलाखतीत 'फरागो' वापरला तर हसूच होईल. तिथे साधं, स्वच्छ इंग्रजीच लागतं. दुर्मीळ शब्द मिरवायला नाहीत, शब्द फोडायची सवय लावायला आहेत. 'पेट्रा' म्हणजे दगड हे एकदा कळलं की 'पेट्रोलियम' म्हणजे दगडातलं तेल हे आपोआप उलगडतं. रोज पंपावर दिसणारा शब्द पहिल्यांदाच समजतो. शंभर शब्दांची यादी घोकून हे होत नाही.

खेळायचं कसं?

घरच्या किंवा मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज एकच शब्द टाका. आधी सगळ्यांनी अर्थाचा अंदाज करायचा, मग मूळ शोधायचं, शेवटी आपल्या बोलीतला जोडीदार शब्द सांगायचा. ही तिसरी पायरी गाळू नका. तिथे आजीही खेळात येते आणि अनेकदा तीच जिंकते.

सुरुवातीला एक सोपा शब्द: 'मंगूस'. इंग्रजीतला हा शब्द आला कुठून? मराठीतल्या 'मुंगूस'वरून. ज्या भाषेला आपण घाबरतो, तिने आपल्याकडूनही शब्द उसने घेतले आहेत, हे मुलांना पहिल्याच दिवशी कळलेलं बरं.