कुशीनगरची मूर्ती आणि बुद्धगयेचा प्रश्न

बुद्धगयेचा महाबोधी महाविहार बौद्धांच्या ताब्यात द्या, या मागणीसाठी फेब्रुवारी २०२५ मध्ये सुरू झालेल्या आंदोलनाने देशभरातले बौद्ध तरुण रस्त्यावर आले. १९४९ च्या कायद्यानुसार तिथल्या समितीत चार बौद्ध, चार हिंदू आणि अध्यक्षपदी जिल्हाधिकारी असतो. हा कायदा रद्द व्हावा, ही आपली ठाम मागणी आहे. त्यावर एक प्रश्न हमखास येतो: "तुम्हाला वंदना करायला कोणी अडवलंय का? मग व्यवस्थापन कशाला हवं?" याचे उत्तर कुशीनगरच्या इतिहासात मिळते.

तथागतांचे महापरिनिर्वाण झाले त्या जागी पाचव्या शतकात एक मूर्ती घडवली गेली. तांबूस वालुकाश्मातली, सुमारे ६ मीटर लांब, उजव्या कुशीवर पहुडलेली, मस्तक उत्तरेकडे. आसनावरच्या लेखात दोन नावे आहेत. दान देणारा हरिबल आणि मूर्ती घडवणारा मथुरेचा दिन्न. राजाचे नाव नाही, कारागिराचे आहे. सातव्या शतकात ह्युएन त्संगने विटांच्या विहारात तथागतांची महापरिनिर्वाण मूर्ती पाहिल्याचे लिहून ठेवले आहे.

पुढे संघ संपला आणि विहार मातीखाली गेला. जवळच्याच भूमिस्पर्श मुद्रेतल्या दुसऱ्या बुद्धमूर्तीला गावकरी 'माथा कुंवर' म्हणू लागले. मूर्ती समोर होती, पण ती कोणाची हे सांगणारे कोणी उरले नव्हते.

१८७६ मध्ये कार्लाईल यांनी उत्खनन केले तेव्हा महापरिनिर्वाण मूर्ती तुकड्यांत सापडली. ते जुळवून ती पुन्हा उभी झाली. पुढे स्तूपातल्या ताम्रपटावरच्या मजकुराने या जागेची ओळख पक्की झाली. पुरातत्त्वाचे हे ऋण आपण मान्य केलेच पाहिजे. पण त्या जागेत धम्म परत आणला तो तिथे येऊन राहिलेल्या भिक्खूंनी. आधी महावीर महास्थविर आले, नंतर ब्रह्मदेशातले भदन्त चंद्रमणी. १९२७ मध्ये ब्रह्मदेशच्या उपासकांच्या दानातून स्तूपाचा जीर्णोद्धार झाला. मूर्तीवरचे आजचे मंदिर भारत सरकारने २५०० व्या बुद्ध जयंतीच्या निमित्ताने १९५६ मध्ये बांधले.

त्याच वर्षी, १४ ऑक्टोबरला, नागपुरात बाबासाहेबांना त्रिशरण-पंचशील देणारे भिक्खू म्हणजे हेच चंद्रमणी महास्थविर. म्हणजे आपल्या धम्मदीक्षेची एक वाट थेट कुशीनगरहून येते. तिथे संघ पुन्हा रुजला नसता, तर दीक्षाभूमीवर कुशीनगरचा भिक्खू कसा उभा राहिला असता?

दगड जपणे आणि विहार चालवणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले काम पुरातत्त्व खाते करू शकते, आणि कुशीनगरात ते करतेही. दुसरे काम धम्म जगणाऱ्यांचेच आहे. वंदना कशी व्हावी, कोणते विधी होऊ नयेत, दानाचा पैसा कशावर खर्च व्हावा, येणाऱ्याला कोणता इतिहास सांगावा, हे ठरवण्याचा हक्क म्हणजे व्यवस्थापन. वंदनेची मोकळीक मिळाली म्हणून तो हक्क मिळाला असे होत नाही. नेमका हाच हक्क बुद्धगयेत १९४९ चा कायदा अर्धा ठेवतो, आणि समितीची सूत्रेही सरकारी अधिकाऱ्याच्या हाती देतो.

ऑक्टोबर २०२१ मध्ये कुशीनगरला आंतरराष्ट्रीय विमानतळ झाला. यात्रेकरूंची सोय झाली तर आनंदच आहे. पण धम्मस्थळाकडे फक्त पर्यटनाच्या नजरेने पाहिले, की हरिबल, दिन्न आणि चंद्रमणी ही नावे मार्गदर्शकाच्या दोन वाक्यांत उरकली जातात.

म्हणून आंदोलनातल्या तरुणांना आमचे सांगणे आहे. बुद्धगयेला जाल तेव्हा कुशीनगरसाठी एक दिवस जास्त ठेवा. मूर्तीवर चीवर अर्पण करा, आणि आसनावरच्या लेखाबद्दलही विचारा. परत आल्यावर आपल्या विहारात रविवारच्या वंदनेनंतर हा इतिहास मुलांना सांगा. घोषणा आवश्यकच आहेत, पण "व्यवस्थापन कशाला हवं?" असे कोणी विचारले, तर आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला कुशीनगरचा दाखला तोंडपाठ असला पाहिजे.