पंपावरचा भाव आणि घरातला हिशेब

रेल्वेच्या डब्यात, रेशनच्या रांगेत, बँकेच्या खिडकीपाशी किंवा चहाच्या टपरीवर जे राजकारण बोलले जाते, त्याकडे आपले अनेक कार्यकर्ते काहीशा तुच्छतेने पाहतात. "जगातच तेल महागले, सरकार तरी काय करणार?" "सबसिड्या वाटून वाटून देश बुडाला." "ज्याने त्याने आपला खर्च आवरावा, म्हणजे झाले." ही वाक्ये आपण रोज ऐकतो आणि मध्यमवर्गीय अज्ञान म्हणून सोडून देतो. पण ही वाक्ये बोलणारा मनुष्य कारखान्यातील कामगार असतो, शाळामास्तर असतो, प्रसंगी आपल्याच युनियनचा सभासद असतो. महिनाअखेरीस वहीत जमाखर्च मांडताना त्याला जे कळते, त्यावरून तो बोलतो. त्याची बेरीज चूक नसते. तिच्यातील काही रकमाच त्याच्यापासून लपवून ठेवलेल्या असतात.

पहिलेच विधान घ्या. जून 2014 मध्ये भारत आयात करीत असलेल्या कच्च्या तेलाचा भाव पिंपामागे सुमारे 109 डॉलर होता. जानेवारी 2016 मध्ये तो 28 डॉलरच्या आसपास उतरला. म्हणजे तेल जवळजवळ एकचतुर्थांश भावात मिळू लागले. या काळात दिल्लीच्या पंपावर पेट्रोल किती उतरले? मे 2014 मध्ये ते 71 रुपये होते, जानेवारी 2016 मध्ये 59. मधला फरक गेला कोठे? नोव्हेंबर 2014 ते जानेवारी 2016 या चौदा-पंधरा महिन्यांत केंद्र सरकारने उत्पादन शुल्क नऊ वेळा वाढविले. पेट्रोलवर ही वाढ लिटरमागे पावणेबारा रुपयांची होती, डिझेलवर साडेतेरा रुपयांजवळ. एप्रिल 2020 मध्ये, टाळेबंदीत लाखो मजूर पायी गावाकडे निघाले असताना, कच्चे तेल पिंपामागे 20 डॉलरवर आले. मार्च ते मे या दोनच महिन्यांत पेट्रोलवर आणखी 13 आणि डिझेलवर आणखी 16 रुपये चढले. तेल महागले की भाव चढतो आणि स्वस्त झाले की कर चढतो, हे ज्याला उमगले त्याच्यापुढे "जगातच महागले" हे उत्तर टिकत नाही.

शिवाय सांगण्यात येते की हे भाव आता सरकार ठरवीत नाही, बाजार ठरवितो. पेट्रोल जून 2010 मध्ये आणि डिझेल ऑक्टोबर 2014 मध्ये नियंत्रणमुक्त झाले, हे खरे. मात्र हा बाजार मोठा चमत्कारिक आहे! नोव्हेंबर 2021 पासून 137 दिवस त्याने पंपावरचा भाव हलू दिला नाही. त्या अवधीत कच्चे तेल पिंपामागे शंभर डॉलरच्या पलीकडे गेले, आणि उत्तर प्रदेश, पंजाबसह पाच राज्यांत निवडणुका झाल्या. निकाल लागले आणि 22 मार्च 2022 पासून पंधरवड्यात लिटरमागे 10 रुपये वाढले. पुढे मार्च 2024 मध्ये, लोकसभेचे वेळापत्रक जाहीर होण्याच्या आदल्याच दिवशी, याच बाजाराला 2 रुपयांची दया सुचली.

हा कर भरतो कोण? मोटारसायकलवाल्याला वाटते, आपणच. परंतु ज्या शेतमजुराने जन्मात वाहन घेतलेले नाही तोही तो भरीत असतो: कांद्याच्या ट्रकच्या भाड्यात, विहिरीवरील डिझेल इंजिनात, एस.टी.च्या तिकिटात. ऑक्टोबर 2021 मध्ये महाराष्ट्रात एस.टी.चे भाडे सतरा टक्क्यांनी वाढले, त्यामागे डिझेलचा वाढता खर्च हेच प्रमुख कारण होते. प्राप्तिकर भरणारा "माझ्या करावर हे लोक जगतात" असे खुशाल म्हणतो, आणि समोरच्या बाकावरील हमालाने सकाळपासून किती कर भरला याची त्याला कल्पना नसते. हमालालाही नसते, हे अधिक गंभीर आहे.

सबसिडीविषयीचा समज तर याहून खोल रुजलेला आहे. 2015 मध्ये गॅसची सबसिडी स्वेच्छेने सोडण्याचे आवाहन झाले, आणि वर्षभरात एक कोटींहून अधिक कुटुंबांनी ती सोडली. त्या कुटुंबांची थट्टा करण्याचे कारण नाही. गरीब घरातील चूल धुरातून मुक्त व्हावी या भावनेने कित्येक निवृत्त शिक्षकांनी अर्ज भरले होते. पण मे 2020 पासून ज्यांनी ती सोडली नव्हती अशा बहुसंख्य ग्राहकांच्या खात्यातही सबसिडी जमा होणे बंद झाले. त्यागाचा प्रश्नच उरला नाही. त्याआधी, सप्टेंबर 2019 मध्ये, कंपन्यांवरील कराचा मूळ दर 30 टक्क्यांवरून 22 टक्क्यांवर आला होता. सरकारच्या स्वतःच्याच अंदाजानुसार या सवलतीची वर्षाची किंमत 1 लाख 45 हजार कोटी रुपये होती. तिला कोणी सबसिडी म्हटले नाही. ती "प्रोत्साहन" ठरली.

काटकसरीचा उपदेश वेगळा खोडून काढण्याची गरज नाही. सिलिंडर दीड महिना पुरविणाऱ्या गृहिणीला तो करणाऱ्याने एकदा तिची वही पाहावी.

आता एका अडचणीच्या प्रश्नाला तोंड दिले पाहिजे, कारण डब्यातला सहप्रवासी तो विचारणारच. केरळमधील डाव्या लोकशाही आघाडीच्या सरकारनेही 2023-24 च्या अर्थसंकल्पात पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे 2 रुपयांचा उपकर बसविला, त्याचे काय? येथे गप्प बसणे किंवा विषय बदलणे कार्यकर्त्याला शोभत नाही. तो उपकर सामाजिक सुरक्षा निधीसाठी होता, हे सांगावे. राज्यांची कोंडी कशी झाली तेही सांगावे: मे 2022 च्या कपातीनंतर पेट्रोलवरील केंद्रीय शुल्क लिटरला 19 रुपये 90 पैसे होते, आणि राज्यांबरोबर वाटून घ्यावयाचा त्यातील मूळ शुल्काचा भाग अवघा 1 रुपया 40 पैसे. उरलेले सारे उपकर आणि अधिभार या नावांखाली दिल्लीतच राहिले. एवढे सांगून झाल्यावर हेही मान्य करावे की उपकर अखेर अप्रत्यक्ष करच आहे, आणि ज्या म्हातारीला निवृत्तिवेतन मिळाले तिनेही तो बसच्या तिकिटात थोडाफार भरला.

मग पैसा आणावा कोठून, असे तो विचारील. देशात संपत्ती कर नावाचा एक कर होता. 2015 च्या अर्थसंकल्पात तो रद्द करण्यात आला. वसुली थोडी आणि खटाटोप फार, असे कारण देण्यात आले. वसुली थोडी का होती, मोठ्या इस्टेटी त्याच्या जाळ्यातून कशा निसटत होत्या, याची चर्चा रेल्वेच्या डब्यात कधी झाली नाही. तेथे ती कोणी काढलीच नाही.